किनाऱ्यावरच्या प्लास्टिकपासून शिल्पवस्तू: साचा तापवण्यापूर्वीची तयारी

कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्लास्टिकमधून दिव्याची छत्री, छोटी बैठक किंवा भिंतीवरचे शिल्प घडवायचे असेल, तर निम्म्याहून अधिक श्रम निवडणीत जातात, आणि ते तसेच जावेत. उधाण ओसरल्यावर ओहोटीच्या वेळी भरतीच्या रेघेवरचा माल उचलावा. वेळाससारख्या ठिकाणी कासवांच्या विणीच्या हंगामात मात्र वाळू उकरू नये.

प्रत्येक वस्तूवरच्या त्रिकोणातला आकडा आधी पाहावा. २ म्हणजे एचडीपीई (दाट पॉलिथिन) आणि ५ म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन), ही दोन आपल्या कामाची. पण त्यांची सरमिसळ केली तर वस्तू कमकुवत होते, म्हणून गोणी वेगळ्याच ठेवाव्यात. ३ म्हणजे पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक), जे तापल्यावर हायड्रोजन क्लोराईड हा घातक वायू सोडते. ते साच्याजवळ येऊच देऊ नये. आकडा झिजलेला असेल, तर तुकडा कापून साबणाचा थेंब टाकलेल्या गोड्या पाण्यात बुडवून सोडावा: एचडीपीई आणि पीपी वर येतात, पीव्हीसी आणि नायलॉनच्या जाळ्या तळाशी बसतात. जाळ्यांचे बोये या परीक्षेत हमखास फसवतात, कारण त्यांच्या फेसाळ पोटात हवा असते आणि त्यांतले काही चक्क पीव्हीसीचे असतात. ते सरळ बाद करावेत. वाकवताच तडकणारे, उन्हाने पिठूळ झालेले तुकडेही नकोत.

उरलेला माल गोड्या पाण्याने धुऊन, दोरांना चिकटलेली कवचे खरवडून, सावलीत पूर्ण वाळवावा. पावसाळ्यात या एका कामालाच दिवस लागतात. त्यानंतर रंगवार घमेली लावावीत, कारण सगळे रंग एकत्र वितळवले की हाती मळकट करडा गोळा येतो.

पडवीत वारा आरपार वाहील अशी जागा, सेंद्रिय वाफा अडवणारा कार्बनचा मास्क (फडके बांधून भागत नाही), जाड हातमोजे आणि पुन्हा कधीही स्वयंपाकाला न वापरायची विजेची भट्टी जमवावी. एचडीपीई साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळते, पीपी १६० च्या आसपास. वीज मध्येच गेली तर अर्धवट वितळलेला गठ्ठा साच्यात अडकतो, तेव्हा वीजबंदीचा दिवस आधी विचारून घ्यावा. एचडीपीई थंड होताना दोन-तीन टक्के आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा करावा आणि साचा आवळणारे शिकंजे तो पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नयेत. शेवटी वाळलेल्या मालाचे बारीक तुकडे करून तो चुरा तोलावा: एक लिटरच्या साच्याला साधारण ९५० ग्रॅम एचडीपीई लागते, आणि कडेने ओघळून जाणाऱ्यासाठी थोडे जास्त.