पिकअपच्या छताखालचा माळा: ओव्हरहेड कन्सोल स्वतः कसा बसवावा

आमचा इंदूरला मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे. लग्नसराईत पिकअप रात्री दोन-अडीचला सामान भरून परत निघते, तेव्हा केबिनमध्ये दोन मोबाइल चार्जिंगला असतात, वॉकीटॉकींचा चार्जर असतो, मालाची चलनवही, मोजपट्टी, ड्रायव्हरचा चष्मा, पाण्याची बाटली. डॅशबोर्डवर ठेवलेली वस्तू पहिल्या वळणाला खाली येते. ती बाटली असेल आणि ब्रेकच्या पायाखाली गेली, तर पुढचं बोलायला नको. घरात जागा कमी पडली की आपण माळा काढतो. गाडीतही तेच करता येतं. पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून ड्रायव्हरच्या डोक्याच्या अलीकडेपर्यंत जी जागा रिकामी असते, तिथे ओव्हरहेड कन्सोल, म्हणजे छताखालचा खणांचा माळा, बसतो.

मॉड्यूलर म्हणजे एक कायमचा सांगाडा आणि त्यात हवे तसे काढता-घालता येणारे खण. आज चार्जर आहे तिथे उद्या पंखा बसवता आला पाहिजे, तोही सांगाडा न उतरवता. यासाठी खणांची मापं पहिल्यापासून बाजारात चालणारीच धरा. रेडिओचा खण १८२ × ५३ मिमी, रॉकर स्विचचं भोक ३७ × २१ मिमी, यूएसबी किंवा सिगारेट लायटर सॉकेटचं गोल भोक साधारण २९ मिमी. ही मापं ठेवली की कोणत्याही दुकानातली वस्तू बसते. मनाने मापं ठरवलीत, तर दर वेळी कानस घेऊन बसावं लागेल.

आधी पुठ्ठ्याचा करा

हे काम आळसाने टाळू नका. एखाद्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा कापून कन्सोलचा आकार करा, चिकटपट्टीने छताला लावा आणि दोन दिवस गाडी तशीच चालवा. घरातल्या किंवा स्टाफमधल्या सर्वांत उंच माणसाला सीटवर बसवा. डोकं आणि कन्सोल यांच्यात वीतभर तरी अंतर हवं, कारण खड्ड्यात माणूस सीटवरून उडतो आणि जोराचा ब्रेक लागला की डोकं पुढे जातं. सन व्हायझर पूर्ण खाली-वर होतो का, आरशात मागचं दिसतं का, सिग्नलचा दिवा कन्सोलच्या कडेमागे लपतो का, हे सगळं पुठ्ठ्यावरच कळतं. आमचा पहिला आकार सहा सेंटीमीटर जास्त खोल निघाला. थांबा-रेषेवर गाडी उभी केली की वरचा सिग्नल दिसायचाच नाही, ड्रायव्हर मान वाकवून बघायचा. पुठ्ठा कापायला दोन मिनिटं लागली. लाकूड असतं, तर अख्खा दिवस गेला असता.

वर काय ठेवायचं आणि काय नाही

वजनदार वस्तू वर नको. पाना, जॅकचा दांडा, भरलेली बाटली, पॉवर बँक यांची जागा सीटखाली. डोक्याच्या वरच्या उघड्या खणात ठेवलेली अर्ध्या किलोची वस्तू अपघातात दगडासारखी येते. कागदपत्रं, चष्मा, पेन, टॉर्च, हातमोजे एवढंच वर, आणि त्या खणांना जाळी किंवा झाकण हवंच.

मोबाइल होल्डरही वर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नकाशा बघायला नजर छताकडे गेली की रस्ता सुटतो. हातात फोन धरून गाडी चालवणं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यातच मोडतं.

विजेच्या वस्तूंपैकी वर शोभतात त्या या: वाचायचे दोन छोटे एलईडी दिवे, डॅशकॅम, यूएसबी चार्जर, व्होल्टमीटर, छोटा पंखा. दिवे पांढरेशुभ्र घेऊ नका. अंधाराला सरावलेले डोळे भक्क उजेडाने एका क्षणात दिपतात आणि पूर्ण सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात. मंद पिवळा किंवा लाल दिवा घ्या, त्याला खोलगट टोपी असू द्या, आणि त्याचं बटण शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला ठेवा. चलन वाचणारा तोच असतो.

वायरिंग: इथे घाई नको

आमच्याकडे झालेली गोष्ट सांगतो. पहिला कन्सोल आम्ही एका कारागिराकडून बसवून घेतला होता. दिसायला सुरेख. एका रात्री धामनोदकडून माल भरून येताना मानपूरच्या घाटात ड्रायव्हर म्हणाला, “भैया, वास येतोय.” मला वाटलं क्लचचा असेल. पण वास प्लास्टिकचा होता आणि वरून येत होता. बटणं बंद केली तरी थांबेना. गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं आणि १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं, तेव्हा कुठे धूर थांबला. सकाळी उघडून बघितलं. बॅटरीवरून थेट आणलेली वायर हँडलच्या स्क्रूखाली चेपली होती, तिचं आवरण मऊ होऊन बोटाला चिकटत होतं, आणि बॅटरीपासून छतापर्यंत एकही फ्यूज नव्हता. पाच-दहा रुपयांची ती वस्तू नव्हती म्हणून रेक्झिन, फोम आणि आम्ही दोघं एका ठिणगीच्या अंतरावर होतो.

म्हणून हिशेब आधी, खरेदी नंतर. प्रत्येक वस्तूचे वॅट लिहा. उदाहरणार्थ: चार्जर ४५, पंखा १२, वॉकीटॉकीचा चार्जर १०, दिवे ६, डॅशकॅम ५. बेरीज ७८ वॅट. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे ६.५ अँपिअर. यावर मुख्य फ्यूज १० अँपिअरचा, लाल रंगाचा. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: ५ चा बदामी, ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. हा मुख्य फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूज त्याच्या पुढच्या वायरीला वाचवतो. तो वर कन्सोलमध्ये लावलात, तर खालची चार मीटर वायर उघड्यावरच राहिली.

आता वायर किती जाड? बॅटरीपासून वर जायला साधारण चार मीटर, परतीची धरून आठ. ०.७५ चौरस मिमीची बारीक वायर घातलीत, तर ६.५ अँपिअरला जवळजवळ १.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. त्याची उष्णता होते, पंखा रडतो, फोन सावकाश भरतो. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत हीच घट ०.३६ व्होल्टवर येते. इंदूरच्या महाराणी रोडला वायर घेताना टोक सोलून बघा. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशीही वायर विकली जाते. ब्लेडने खरवडलं की आतून पांढरी दिसते. ती घेऊ नका.

किल्ली काढल्यावर सगळं बंद व्हावं म्हणून रिले लावा, म्हणजे थोड्याशा विजेच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच. रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ वरून कन्सोलकडे जाणारी, ८६ ला किल्ली फिरवल्यावर चालू होणारी बारीक वायर, ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर. सगळा भार रिले पेलतो, किल्लीच्या स्विचवर ताण येत नाही. कन्सोलमध्ये चार-सहा जागांचा छोटा फ्यूज बॉक्स बसवा आणि प्रत्येक वस्तूला वेगळा फ्यूज द्या: दिव्यांना ३, चार्जरला ५. एक बिघडलं तरी बाकीचं चालू राहतं.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. वायर इंजिनाच्या भागातून केबिनमध्ये जिथे शिरते, तिथे पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट लावा, नाहीतर पत्र्याची धार सहा महिन्यांत आवरण कापते. तिथून वायर काचेच्या बाजूच्या खांबातून वर जाते. टोयोटा हायलक्ससारख्या गाड्यांत छताच्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. तिच्यासमोरून किंवा तिला बांधून वायर नेली, तर ऐन वेळी ती उघडण्यात अडथळा येतो. खांबाच्या आवरणावर ‘एसआरएस एअरबॅग’ असं छापलेलं दिसलं, तर ते आवरण स्वतः उघडू नका. तेवढं काम माहितगार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आणि सगळ्यात आधी गाडी १२ व्होल्टची आहे ना, हे बघा. मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, तिथे हा हिशेब आणि या वस्तू चालत नाहीत.

सांगाडा आणि बसवणी

६ मिमी प्लाय आणि वर काळं मॅट रेक्झिन हा सर्वांत सोपा मार्ग. सीट कव्हर शिवणारे ते छान ताणून लावतात. चकचकीत रेक्झिन नको, रात्री त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं. कडा गोल घासा आणि ड्रायव्हरकडच्या कडेला फोमची पट्टी लावून घ्या. दीड मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवूनही करता येतो. तो हलका पडतो, पण त्याच्या धारा नीट मारल्या पाहिजेत.

छताच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. तो एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, लांब स्क्रू सरळ आरपार जातो आणि पहिल्या पावसात डोक्यावर पाणी ठिबकतं. सन व्हायझरचे स्क्रू, धरायच्या हँडलचे बोल्ट, केबिन लाइटची चौकट या तयार जागा आहेत. पट्टी बनवून त्यांच्याच आधाराने कन्सोल टांगा. कमीत कमी चार आधार हवेत आणि नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, घ्या, साधे नट आपल्या रस्त्यांवर ढिले होतातच. नुसत्या दुतर्फी टेपवर विसंबू नका. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, बंद केबिनच्या छताला हात लावला तर चटका बसतो. त्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो.

डॅशकॅम घेतानाही याच उन्हाचा विचार करा. आत लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा उन्हात फुगतो. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा भाग) असलेला घ्या, आणि सतत लिहिण्या-पुसण्यासाठी बनवलेलं हाय एन्ड्युरन्स मेमरी कार्ड घ्या. कॅमेरा आरशामागे लावा, वायपर जिथे काच पुसतो त्या पट्ट्यात. त्याला गाडी उभी असतानाही चालू ठेवायचं असेल, तर ही एक वायर रिलेला वळसा घालून थेट घ्यावी लागते, अर्थात तिच्या स्वतःच्या फ्यूजमधून. उभ्या गाडीत तो ३ वॅटच ओढतो असं धरलं, तर ते पाव अँपिअर, ऐकायला किरकोळ वाटतं. पण चातुर्मासात मुहूर्त नसतात, आमची गाडी आठ-आठ दिवस जागची हलत नाही. पाव अँपिअर गुणिले १९२ तास, म्हणजे ४८ अँपिअर-तास. एवढ्यात पिकअपची बॅटरी बसते. १२.२ व्होल्टला आपोआप तोडणारं कटऑफ किट लावा.

बटणांचा क्रम एकदा ठरवला की तोच कायम ठेवा. आमच्याकडे डावीकडून दिवा, पंखा, चार्जर असा आहे. मधल्या बटणावर फेव्हिक्विकचा एक थेंब वाळवून टेंगूळ केलंय. अंधारात बोट त्यावर आलं की डावीकडे दिवा, उजवीकडे चार्जर. वर बघायची गरज पडत नाही.

चालू करून बघताना

व्होल्टमीटरवर इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, चालू इंजिनात १३.८ ते १४.४. सगळ्या वस्तू एकदम चालू करून अर्धा तास ठेवा आणि फ्यूज, रिले, प्रत्येक जोड हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. मग एफएमवर एखादं मंद येणारं स्टेशन लावा आणि चार्जरमध्ये फोन अडकवा. खरखर वाढली, तर चार्जर हलक्या प्रतीचा आहे. फेराइटचं (खरखर शोषून घेणारं) कडं वायरीवर चढवून बघा, नाही जमलं तर चार्जर बदला. जेल रोडला स्वस्त चार्जरचे ढीग असतात, त्यातला कुठलाही इथे लावू नका.

हा सगळा बदल केबिनच्या आतला आहे. पण जागा करायला छत कापणं, सीट काढणं असलं काही मनात असेल, तर गाडीच्या नोंदीशी न जुळणारे बदल कलम ५२ ला चालत नाहीत. लाल-निळे लुकलुकणारे दिवे तर अजिबात नकोत.

पंधरा दिवस गाडी चालली की सगळे नट एकदा पुन्हा आवळा. खडखड येत असेल, तर दोन तुकडे जिथे भिडतात तिथे नमद्याची पट्टी चिकटवा. जास्तीचे दोन फ्यूज, एक लाल आणि एक बदामी, झाकणाच्या आतल्या बाजूला टेपने लावून ठेवा. कोणती वायर कशाची ते तिथेच पेनाने लिहा. रात्री घाटात झाकण उघडणारा माणूस बहुधा आमचा ड्रायव्हर असतो, आणि वायरिंग केलेला मी तेव्हा घरी झोपलेला असतो.