ऑटोइम्यून एन्सेफलायटिस: पहिल्या महिन्यात होणाऱ्या या चुका टाळा

ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटून आलेली सूज. यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘मानसिक आहे’ म्हणून मोकळं होणं. ओघ जवळजवळ ठरलेला असतो. विशीतली मुलगी, चार दिवस कणकण आणि डोकेदुखी. मग झोप उडते, संशय वाढतो, असंबद्ध बडबड सुरू होते. वाडीत कोणी देवाला कौल लावायला सुचवतं, कोणी परीक्षेचं टेन्शन म्हणतं. दवाखान्यात हॅलोपेरिडॉल हे मनोविकाराचं औषध दिलं जातं, अंग ताठ होतं, ताप चढतो, तरी डोस वाढवला जातो. पुढे फिट येतात, तोंड चघळल्यासारखं हलत राहतं, बोलणं आटतं, नाडी आणि बीपी वरखाली होतात. आंबोली नाहीतर फोंडा घाट चढून मुलगी कोल्हापूरला पोचते, तेव्हा कुठे पहिल्यांदा पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) तपासायला काढलं जातं. तोवर महिना गेलेला असतो.

हा ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचा एक प्रकार, मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडीचा आजार. न्यूरोलॉजिस्ट जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्याची ओळख पटवली, म्हणजे तो आता नवा राहिलेला नाही. वागण्यात किंवा स्मरणशक्तीत तीन महिन्यांच्या आत बदल झाला आणि सोबत फिट, विचित्र हालचाली किंवा बोधात चढउतार असेल, तर पाठीतलं पाणी, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) आणि एमआरआय या तिन्ही तपासण्या झाल्याच पाहिजेत. ‘एमआरआय नॉर्मल आहे, घरी न्या’ हे वाक्य तर बंदच व्हायला हवं. या आजारात निम्म्याहून जास्त रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मल येतो. रुग्ण खवळला असेल तर हॅलोपेरिडॉलपेक्षा लोराझेपाम हे शांत करणारं औषध बरं.

दुसरी चूक, अँटीबॉडीच्या तपासणीला फक्त रक्त पाठवणं. एनएमडीएची अँटीबॉडी पाठीतल्या पाण्यात जास्त खात्रीने सापडते, रक्तात काही जणांची निगेटिव्ह येते. एलजीआय1 या दुसऱ्या अँटीबॉडीच्या आजारात उलट, तिथे रक्त जास्त भरवशाचं. म्हणून दोन्ही पाठवा, आणि आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून देणं) सुरू करण्याआधी पाठवा. पाणी काढताना दोन मिलीची एक जादा नळी फ्रिजमध्ये ठेवायची आमची सवय आहे. ऐनवेळी एखादी तपासणी सुचली तर पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

एलजीआय1 बहुधा साठीपुढच्या माणसांत दिसतो. एकाच बाजूचा चेहरा आणि हात सेकंदभर आवळतो, तेही दिवसातून कितीतरी वेळा. पेजेची वाटी हातातून सुटते आणि घरचे ‘वय झालं’ म्हणतात. सोडियम कमी येतं, ते सलाईनने भरत बसतात. फिटच्या गोळ्यांनी हे झटके फारसे थांबत नाहीत, स्टेरॉइडने थांबतात.

तिसरी चूक घाईची, म्हणजे संसर्ग न बघताच ऑटोइम्यून ठरवण्याची. पावसाळ्यात ताप आणि बरळणं असेल तर आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), स्क्रब टायफस, मलेरिया आणि टीबी बघा. सिंधुदुर्गात माकडतापाचाही विचार हवा. मेंदूतला हर्पीस विषाणूचा संसर्ग नाकारेपर्यंत असायक्लोविर हे विषाणूविरोधी औषध किलोमागे 10 मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. पहिल्या तीन दिवसांतली हर्पीसची पीसीआर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. शंका असेल तर पुन्हा करा. हर्पीस बरा झाल्यावर काही आठवड्यांनी वागणं पुन्हा बिघडलं तर तोही ऑटोइम्यून असू शकतो.

पण संसर्ग पुरेसा नाकारल्यावर अँटीबॉडीच्या रिपोर्टसाठी थांबू नका. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 1 ग्रॅम, तीन ते पाच दिवस. आयव्हीआयजी किलोमागे 0.4 ग्रॅम, पाच दिवस, म्हणजे 50 किलोच्या माणसाला रोज 20 ग्रॅम. खर्च मोठा आहे, त्यामुळे नातेवाइकांना आकडा पहिल्याच दिवशी सांगा. प्लाझ्मा (रक्तातला अँटीबॉडी असलेला द्रव) बदलायचा असेल तर आयव्हीआयजीच्या आधी. नंतर केलात तर दिलेलं औषध धुऊन निघतं. दोनेक आठवड्यांत फरक नसेल तर रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाला उशीर नको, मात्र त्याआधी हिपॅटायटिस बी तपासा.

तरुण बाईच्या बीजांडकोशाची सोनोग्राफी राहून जाते. तिथली टेराटोमा नावाची गाठ तशीच ठेवून औषधं चालू ठेवली तर सुधारणा अडते.

घरी गेल्यावर ‘आता बरी आहे’ म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करतात, तेही चुकीचंच. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायचा. साखर मोजत राहा. चिडचिड, विसरभोळेपणा दीड-दोन वर्षं रेंगाळू शकतो. झोप पुन्हा उडाली तर त्याच आठवड्यात दाखवा.