कार्पेटला भुललेला परीक्षक

परीक्षक म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा गुण दिले ते एका कार्पेटला. कार्पेट ज्यात होतं त्या गेमच्या लेव्हलला नव्हे. हे माझ्या लक्षात यायला आठवडा गेला, आणि तेही आपणहून आलं नाही.

तेव्हा मला पुण्यात गेम टेस्टर म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. रात्री जेवण झालं की ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या गोळीबाराच्या गेमचे मॅप, म्हणजे खेळायच्या नव्या लेव्हल, बनवायचे, लोकांनी बनवलेले खेळायचे, असा उद्योग चालायचा. गेम १९९६ सालचा, पण त्याच्यासोबत मॅप बनवायचा ‘बिल्ड’ नावाचा एडिटरही मिळायचा, म्हणून हौशी मंडळींनी तो अजून जिवंत ठेवलाय. अशाच एका छोट्या ऑनलाइन स्पर्धेत तिसरा परीक्षक आयत्या वेळी गळाला आणि मला विचारणा झाली. विषय होता ‘सिनेमातली जागा’. नऊ मॅप आले होते, त्यातला एक ‘द शायनिंग’ या भयपटातल्या ओव्हरलुक हॉटेलचा.

मॅप सुरू झाला आणि पायाखाली सिनेमातलं तेच ते षटकोनांचं कार्पेट! नारिंगी, तपकिरी, लाल. पुढे लांबलचक कॉरिडॉर, त्यात २३७ नंबरचं दार. मी खुर्चीत ताठ बसलो. दहापैकी साडेनऊ देऊन टाकले आणि शेरा लिहिला, “अप्रतिम, हुबेहूब.”

दुसरे परीक्षक या खेळात मुरलेले. त्यांनी उलट एवढंच विचारलं, “सिनेमा न पाहिलेल्या माणसाला यात काय मिळेल?”

रविवारी मावसभाऊ घरी आला होता. त्याने सिनेमा पाहिलेला नव्हता, म्हणून त्यालाच बसवलं. कार्पेटकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पुढचं दार उघडणारं निळं कीकार्ड शोधत बावीस मिनिटं तो त्याच कॉरिडॉरमध्ये फिरत राहिला. खोल्यांची दारं सगळी एकसारखी. त्यातली दोन उघडणारी, बाकीची नुसती भिंतीवर चिकटवलेली चित्रं. शेवटी वैतागून म्हणाला, “दादा, यातलं खरं दार कुठलं ते एकदा सांगून टाक.” माझ्या साडेनऊ गुणांची तिथेच वाट लागली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. पहिल्या खेळीला मॅपसोबतची माहितीची टेक्स्ट फाइल वाचायची नाही, चीट (गेमचे नियम वाकवणारे गुप्त कोड) वापरायचे नाहीत, आणि शेजारी वही ठेवायची. वहीत मत लिहायचं नाही, फक्त काय घडलं ते लिहायचं: इथे थांबलो, इथे मागे फिरलो, इथे गोळ्या संपल्या, इथे दचकलो. मत नंतर आपोआप तयार होतं. दुसऱ्या खेळीला अवघडपणाची पातळी बदलायची. ड्यूकमध्ये चार पातळ्या आहेत, आणि बरेच नवखे मॅप बनवताना चारही पातळ्यांवर शत्रू तेवढेच ठेवतात. तिसऱ्या वेळी मात्र भिंतींतून आरपार जाणारा चीट लावून, एडिटर उघडून, सगळं शवविच्छेदन.

आता सिनेमातल्या जागेपुरतं बोलायचं तर मुख्य भानगड ‘हुबेहूब’ या शब्दात आहे. कशाच्या हुबेहूब? ओव्हरलुक नावाची एक अशी इमारत कुठेच नाही. बाहेरून दिसतं ते अमेरिकेत ऑरेगनमधलं टिंबरलाइन लॉज. आतले सेट इंग्लंडमध्ये एल्स्ट्री स्टुडिओत उभे केलेले, आणि त्यांची प्रेरणा कॅलिफोर्नियात योसेमिटीच्या अहवानी हॉटेलची. झुडपांचा तो प्रसिद्ध भूलभुलैया टिंबरलाइनला नाहीच. सिनेमा ज्यावरून केला त्या कादंबरीत खोलीचा नंबर २१७ होता. लॉजवाल्यांना भीती की पुढे त्या खोलीत कोणी राहणार नाही, म्हणून तिथे नसलेला २३७ घेतला. बरं, आतला नकाशाही जुळत नाही. मॅनेजरच्या ऑफिसात मागे खिडकीतून लख्ख ऊन येतं, आणि आपण तिथवर कसे आलो ते आठवलं तर त्या खिडकीच्या मागे इमारतच असायला हवी. म्हणजे खिडकी तिथे असूच शकत नाही.

आणि इथे ड्यूकचं जुनं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, एकदम उपयोगी पडतं. त्यात दोन खोल्या नकाशावर एकाच जागी, एकमेकींवर काढता येतात. अट एवढीच की दोन्ही एका वेळी नजरेला पडता कामा नयेत. मूळ गेममधल्याच ‘ल्युनॅटिक फ्रिंज’ या गुप्त लेव्हलमध्ये गोल कॉरिडॉरला दोन पूर्ण फेऱ्या मारल्यावर तुम्ही मूळ जागी येता. ओव्हरलुक बनवायला याहून चांगलं साधन कुठलं? पण आमच्या स्पर्धकाने फ्रेम थांबवून थांबवून मापं काढली, नकाशा जुळवायला ऑफिसची खिडकीच बुजवली आणि हॉटेल वास्तुशास्त्राला धरून उभं केलं. मेहनत खरी, पण सिनेमातल्या हॉटेलात माणसाची दिशा हरवते, ते नेमकं निघून गेलं. ती खिडकी जशीच्या तशी ठेवून, मागचा कॉरिडॉर त्याच जागेतून नेणारा मॅप आला असता तर मी अर्धा गुण जास्तच दिला असता.

प्रमाणाचंही तसंच. सिनेमात हॉटेलात राहायला आलेला लहान मुलगा कॉरिडॉरमधून तीनचाकी चालवतो तेव्हा कॅमेरा जमिनीला जवळजवळ टेकून त्याच्या मागे जातो. लाकडी फरशीवर चाकांची घरघर, कार्पेटवर एकदम शांतता, पुन्हा घरघर. आपल्या गेमचा नायक ड्यूक मात्र उंचापुरा आणि धावतो वाऱ्यासारखा. तोच कॉरिडॉर त्याच मापात दिला तर तीन सेकंदांत संपतो आणि भीती वाटायला वेळच उरत नाही. या स्पर्धकाने एक गोष्ट मात्र सुंदर केली होती, आणि पहिल्या खेळीत माझं तिकडे लक्षही गेलं नव्हतं. पूर्वेकडच्या जिन्याजवळ त्याने दारं दीडपट उंच केली होती, छत वर नेलं होतं, आणि कार्पेट संपून लाकूड लागतं त्या रेषेवर पाय पडला की एक बारीक कुरकुर वाजायची. मावसभाऊ, ज्याला कार्पेटचं काडीचं कौतुक नव्हतं, तो तिथे थबकला आणि मागे वळून बघायला लागला. माझ्या वहीत त्यापुढे दोन रेघा आहेत.

सिनेमावरून मॅप करणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी १९९४ सालचा ‘एलियन्स टीसी’ जरूर खेळावा. ‘डूम’ हा गोळीबाराचा गेम पूर्ण बदलून त्यात ‘एलियन्स’ सिनेमा उभा केलाय. ‘डूम’ येऊन वर्षभरही झालं नव्हतं तेव्हा जस्टिन फिशरने तो बनवला. पहिल्या लेव्हलमध्ये एकही शत्रू नाही. सिनेमा पाहिलेला असो वा नसो, तुम्ही प्रत्येक कोपऱ्याशी बंदूक रोखून उभे राहता.

तांत्रिक तपासणीवर जास्त लिहीत नाही. गेम बंद पडतो का, खेळाडू कुठे अडकून बसतो का, लपवलेल्या सगळ्या गुप्त जागा गेम मोजतो का, दुसऱ्याने काढलेली चित्रं घेतली असतील तर टेक्स्ट फाइलमध्ये त्याचं नाव आहे का. एका संध्याकाळचं काम.

शेरा लिहिण्यात मात्र नवे लोक मार खातात. “कॉरिडॉर कंटाळवाणा आहे” वाचून बनवणारा काय करणार? तो चिडणार. “दुसऱ्या मजल्यावर निळं कार्ड शोधायला सिनेमा न पाहिलेल्या खेळाडूला बावीस मिनिटं लागली, कार्ड अंधाऱ्या कोपऱ्यात आहे आणि उघडणारी दारं वेगळी दिसत नाहीत” असं लिहिलं की त्याला हात घालायला जागा मिळते. पुढे नोकरी बदलताना मुलाखतीत कामाचा नमुना मागितला, तेव्हा मी ऑफिसातलं काही दाखवू शकत नव्हतो. हा शेराच दाखवला, आणि बराच वेळ बोलणं त्या बावीस मिनिटांवर चाललं.

साडेनऊचे मी सात केले आणि का केले तेही लिहिलं. स्पर्धकाचं उत्तर चार दिवसांनी आलं, जरा तुटक होतं. पण महिन्याभरात त्याने नवी आवृत्ती टाकली. कार्डावर दिव्याचा झोत, उघडणाऱ्या दारांना पितळी मुठी. मावसभावाला पुन्हा बसवलं. निळं कार्ड त्याला दोन मिनिटांत मिळालं. मग तो बॉयलरच्या खोलीत अडकला.