केस्ट्रेलसाठी घरटे-पेटी कशी लावावी

हिवाळ्यात आपल्या माळरानावर हवेत एका जागी थबकून खाली नजर लावणारी खरुची अनेकांनी पाहिली असेल. तिचाच अमेरिकेतला भाऊबंद म्हणजे अमेरिकन केस्ट्रेल, उत्तर अमेरिकेतला सर्वांत लहान ससाणा. १९६६ पासून त्याची संख्या जवळपास निम्म्यावर आली आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यात, जिथे मराठी घरे बरीच आहेत, तो २०१२ पासून धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

केस्ट्रेल घरटे बांधत नाही. त्याला सुतारपक्ष्याने कोरलेली ढोली लागते, आणि अशी वाळकी झाडे माणूस आधी तोडतो. म्हणून पेटी.

आधी जागा बघा. चुकीच्या जागी लावलेली उत्तम पेटीही वाया जाते. आखूड गवताचे मोकळे कुरण हवे, कारण टोळ आणि उंदीर तिथेच दिसतात. दाट झाडी जवळ नको. उंदरांसाठी विष घालणारे शेत तर नकोच. जमीन दुसऱ्याची असेल तर मालकाला विचारा.

पेटी. रंग न दिलेले जाड लाकूड घ्या. तळ साधारण २० सेंमी चौरस, भोक साडेसात सेंमी व्यासाचे. तळाला पाणी निचरायला छिद्रे, बाजूला उघडणारे दार. आत रंधा मारताना निघणारे लाकडाचे पातळ काप पाच-सात सेंमी पसरा. अंडी त्यांवरच घातली जातात. भुसा नको, तो ओल धरतो. भोकाखाली बसायला दांडी लावू नका.

उभारणी. तीन ते सहा मीटर उंच खांबावर, तोंड पूर्वेला किंवा दक्षिणेला. रकून (अंडी-पिल्ले खाणारा तिथला एक प्राणी) चढू नये म्हणून खांबाला पत्र्याची नळी बसवा. दोन पेट्यांत किमान ८०० मीटर अंतर ठेवा. फेब्रुवारीअखेर काम संपलेले बरे.

खरी मेहनत पुढे आहे. युरोपातून आणलेल्या स्टार्लिंग मैना अशा पेट्या बळकावतात. आत गवताचा ढीग आणि फिकट निळी अंडी दिसली तर ते घरटे काढून टाका. केस्ट्रेलची अंडी पांढुरकी, तांबूस ठिपक्यांची, बहुधा चार-पाच. ती कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना हात लावू नका. लांबून दुर्बिणीने बघा. साधारण तीस दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि आणखी महिनाभराने उडतात. तीन आठवड्यांच्या पुढची पिल्ले असताना दार उघडू नका. घाबरून ती वेळेआधीच बाहेर उडी घेतात.

हंगाम संपला की पेटी साफ करून काप बदला. ज्याला दरवर्षी हे जमणार नसेल त्याने पेटी लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लक्ष नसलेली पेटी स्टार्लिंगच वाढवते.