ताडीतलं यीस्ट: कॉलनीपासून डीएनएपर्यंत

यीस्टवर काम शिकायचं असेल तर बेकरीचं कोरडं यीस्ट नको, ताडी आणा. पाकिटात एकच निवडलेलं वाण असतं, त्यात शोधायचं काय? ताडीत सॅकरोमायसिस (पाव आणि दारू आंबवणारं नेहमीचं यीस्ट) असतं, त्याच्यासोबत दुसरी यीस्ट असतात, लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात आणि झायमोमोनास नावाचा एक जिवाणू असतो, जो यीस्टसारखाच साखरेचा अल्कोहोल करतो. या गर्दीतून एक पेशी वेगळी काढून तिचं नाव सांगायचं, एवढंच हे काम.

मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेते. मुलांना सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएतली अक्षरं वाचण्याची, घाई असते. माझं म्हणणं उलट आहे: पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढणं) एका दुपारचं काम आहे, खरा वेळ कॉलनी, म्हणजे एका पेशीपासून वाढलेला ठिपका, शुद्ध करण्यात घालवा.

नमुना गोराई किंवा वसईकडून मिळतो. ताडी काढणाऱ्यालाच विचारा, झाड ताडाचं, माडाचं की शिंदीचं, आणि मडक्याला आतून चुना लावला होता का. हा प्रश्न विसरू नका. नीरा आंबू नये म्हणून चुना लावतात. चुन्याने रस अल्कधर्मी होतो आणि यीस्ट दबून राहतं. आपल्याला बिनचुन्याची, सकाळी उतरवलेली ताडी हवी. निर्जंतुक बाटली अर्धीच भरा आणि झाकण सैल ठेवा, कारण वायू सतत सुटत असतो आणि घट्ट झाकण लोकलच्या गर्दीतच उडतं. बाटली बर्फात उभी ठेवून आणा आणि त्याच दिवशी प्लेटवर घाला.

यीस्ट ज्यावर वाढवायचं ते माध्यम नेहमीचं वायपीडी: एक लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २०, डेक्स्ट्रोज २०, आणि माध्यम घट्ट करायला अगार २०. त्यात जिवाणूंना रोखणारं क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम, थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घाला. ते उष्णतेला टिकतं, म्हणून ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याच्या) आधीच घातलं तरी चालतं. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला १५ मिनिटं. मग ५० अंशांच्या आसपास निवू द्या आणि ओता. अगारच्या आधी जिलेटिन वापरत, ते मुंबईच्या एप्रिलमध्ये टेबलावरच वितळलं असतं. अगार सुचवलं फॅनी हेसे यांनी, १८८१ च्या सुमारास. त्यांचे पती तेव्हा जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि फॅनी घरी जेली घट्ट करायला अगार वापरत. प्लेट ओतताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

आपल्याकडे दोन गोष्टींची वेगळी काळजी घ्यावी लागते. एक, दमट हवेत प्लेटच्या झाकणाला आतून पाणी धरतं. ते थेंब पडले की कॉलन्या एकमेकींत वाहतात, म्हणून ओतलेल्या प्लेटा रात्रभर ३७ अंशांवर उलट्या ठेवून वाळवा. दुसरी, पावसाळ्यात हवेत बुरशीचे बीजाणू फार असतात. पंखा बंद करा, बर्नरजवळ काम करा, झाकण गरजेपुरतंच उचला. काळा किंवा हिरवा केसाळ ठिपका दिसला की ती प्लेट न उघडता बाजूला काढा.

९ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये १ मिली ताडी, त्यातलं १ मिली पुढच्या नळीत, असं पाच नळ्यांपर्यंत जा. ताडीत मिलीला लाखो पेशी सहज असतात, म्हणून शेवटच्या तीन नळ्यांतलं प्रत्येकी १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरवा. यीस्टला ३० अंश आवडतात, तेव्हा वर्षातला बराच काळ इनक्युबेटर नसला तरी अडत नाही. दोन-तीन दिवसांनी ३० ते ३०० कॉलन्या असलेली प्लेट घ्या.

आता थांबा आणि नुसतं बघा. उजेड तिरपा पडेल अशी प्लेट धरा. काही कॉलन्या गुळगुळीत, साईच्या रंगाच्या, फुगीर असतात. काही चपट्या, कोरड्या, काठाला सुरकुतलेल्या. वास घ्यायला नाक जवळ नेऊ नका, कारण यात कॅंडिडा या यीस्टच्या रोगकारक जातीही असू शकतात. हातमोजे घालूनच काम करा. प्रत्येक प्रकारची एक कॉलनी लूपने (तारेच्या कडीने) उचला, नव्या प्लेटवर चार भागांत स्ट्रीक मारा, म्हणजे रेघोट्या ओढत पेशी विरळ करत न्या, आलेल्या एकट्या कॉलनीवरून पुन्हा स्ट्रीक मारा. मग स्लाइडवर मिथिलिन ब्लूच्या थेंबात बघा: जिवंत पेशी रंगहीन दिसतात, मेलेल्या निळ्या. ४० च्या लेन्सखाली सॅकरोमायसिसची पेशी ५ ते १० मायक्रॉनची, अंडाकार, आणि कडेला छोटी कळी. सगळ्या पेशी एकाच घडणीच्या दिसल्या तरच पुढे जा. शुद्ध झालेलं वाण लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० ला ठेवून द्या.

याच टप्प्यावर एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम दाखवते. शुद्ध सॅकरोमायसिसच्या प्लेटवर मोठ्या कॉलन्यांमध्ये अधूनमधून एखादी निम्म्या आकाराची दिसते. ती घाण आहे म्हणून सोडून देऊ नका. तिला पेटिट म्हणतात, १९४९ मध्ये जनुकशास्त्रज्ञ बोरिस एफ्रुसी यांनी पॅरिसमध्ये अशा कॉलन्यांचं वर्णन केलं. यीस्ट आधी साखर आंबवून अल्कोहोल करतं, आणि साखर संपली की तेच अल्कोहोल मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) मदतीने जाळून आणखी वाढतं. पेटिटच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए बिघडलेला किंवा नाहीसा झालेला असतो. साखर आहे तोवर ती वाढते, मग तिथेच थांबते. खात्री करायची तर डेक्स्ट्रोजऐवजी ३ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या प्लेटवर दोन्ही शेजारी शेजारी लावा. ग्लिसरॉल आंबत नाही, ते वापरायला श्वसनच लागतं. मोठी उगवते, पेटिट उगवत नाही. फक्त या प्लेटमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल चुकूनही नको: ते जिवाणूंचे रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) अडवतं तसेच मायटोकॉन्ड्रियातलेही अडवतं, मग धडधाकट यीस्टही ग्लिसरॉलवर नीट उगवेलच असं नाही. नुसत्या कॉलनीच्या आकारावरून पेशीच्या आत काय बिघडलंय ते कळतं. मला या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

डीएनए काढायला महागडी किट नको. टाचणीच्या डोक्याएवढी कॉलनी १०० मायक्रोलिटर द्रावणात घाला: २०० मिलिमोलर लिथियम ॲसिटेट आणि १ टक्का एसडीएस (एक डिटर्जंट). ७० अंशांवर पाच मिनिटं. ३०० मायक्रोलिटर अल्कोहोल घालून हलवा, सेंट्रिफ्यूजमध्ये १५,००० जी वर तीन मिनिटं फिरवा. तळाशी बसलेला पेलेट ७० टक्के अल्कोहोलने धुवा, वाळवा, १०० मायक्रोलिटर पाण्यात मोकळा करा, परत थोडं फिरवा. वरच्या पाण्यात डीएनए आहे, त्यातलं १ मायक्रोलिटर पीसीआरला पुरतं. इतकं कमी का पुरतं? आपण डीएनएचा जो आयटीएस नावाचा भाग वाढवणार तो रायबोसोमच्या जनुकांमध्ये बसलेला असतो, आणि ती जनुकं सॅकरोमायसिसमध्ये एकामागोमाग शंभराहून जास्त वेळा येतात. २०१२ पासून हाच भाग बुरशींच्या ओळखीची अधिकृत खूण धरला जातो.

प्रायमर, म्हणजे त्या भागाची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे: आयटीएस-१ आणि आयटीएस-४. ९५ अंशांवर पाच मिनिटं, मग ३५ फेऱ्या: ९४ ला अर्धा मिनिट, ५५ ला अर्धा, ७२ ला एक. शेवटी ७२ ला सात मिनिटं. एका नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी घालायचंच. पुढे जेलवर त्या नळीचाही बँड (डीएनएचा पट्टा) आला तर सगळं मिश्रण टाकून द्या.

दीड टक्का अगारोजच्या जेलवर डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात. तिथे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिईचा बँड साधारण ८५० बेसच्या आसपास येतो. कॅंडिडा ट्रॉपिकॅलिससारख्यांचा ५०० च्या जवळ. म्हणजे सिक्वेन्सिंगचा एक रुपयाही खर्च न करता गट पडतात. आणखी बारीक विभागणी हवी तर तेच उत्पादन HaeIII (हे-थ्री) या एन्झाइमने कापा आणि तुकड्यांचा नमुना जुळवा. एकसारखे नमुने असलेल्यांपैकी एकच सिक्वेन्सिंगला पाठवा.

निकाल आला की आधी सिक्वेन्सिंगचा आलेख उघडा, ब्लास्ट (डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी जुळवणी) नंतर. शिखरं एकेकटी, स्वच्छ हवीत. सुरुवातीपासून एकाखाली एक दोन शिखरं दिसत असतील तर बहुधा कॉलनीत दोन यीस्ट होती, आणि ब्लास्टने दिलेलं नाव कितीही टक्के जुळत असलं तरी ते वहीत लिहायचं नाही. पुन्हा स्ट्रीक मारायची. आलेख स्वच्छ असेल तर जुळणारा सिक्वेन्स त्या जातीच्या मूळ प्रमाण वाणाचा आहे का ते बघा, कारण डेटाबेसमध्ये चुकीच्या नावांच्या नोंदीही असतात. शंका राहिलीच तर रायबोसोमच्याच २८एस जनुकाचा डी-१/डी-२ भागही वाचून घ्या. तिथे एकाच जातीच्या वाणांमध्ये सहसा तीनपेक्षा जास्त बेसचा फरक नसतो.