डोळ्याच्या फोटोंवर एआयचा प्रोजेक्ट करायचाय? नांदेडच्या डेटासेटपासून सुरुवात करा

फायनल इयरला "एआयने डायबेटिक रेटिनोपॅथी (शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला होणारा आजार) ओळखणे" हा विषय घेणारे दरवर्षी भरपूर असतात, आणि आता तर डोळ्यांच्या डिपार्टमेंटचे रेसिडेंटही थीसिससाठी हेच विचारायला लागलेत. विषय चांगलाच आहे. शुगरचे पेशंट आपल्याकडे घरोघरी आहेत, पडद्याला त्रास सुरू झाला तरी नजर बरेच दिवस ठीक असते त्यामुळे माणूस तपासायला जातच नाही, आणि जातो तेव्हा बऱ्याचदा आत रक्त आलेलं असतं. वेळेत फोटो काढून छाननी झाली तर लेझर किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते. म्हणून हे काम नीट व्हावं असं मला फार वाटतं, आणि नीट म्हणजे काय तर मॉडेल कुठलं घेतलं याने फारसा फरक पडत नाही, फोटो कुठून आले, ग्रेड म्हणजे आजार किती वाढलाय याचा आकडा कोणी दिला आणि टेस्ट कशावर केली यावर सगळं ठरतं.

आधी फोटो

सुरुवात आयडीआरआयडी या डेटासेटने करा. हे फोटो नांदेडच्या एका डोळ्यांच्या क्लिनिकमधे काढलेले आहेत आणि डेटासेट तयार केला नांदेडच्याच श्री गुरु गोबिंदसिंघजी इंजिनिअरिंग कॉलेजच्या संशोधकांनी. २०१८ मधे आयएसबीआय या मेडिकल इमेजिंगच्या कॉन्फरन्सच्या चॅलेंजसाठी तो वापरला गेला आणि आज जगभरातले लोक त्यावर काम करतात. एकूण ५१६ फोटो, कोवा कंपनीचा कॅमेरा, ५० अंशांचं फील्ड, साइज ४२८८ बाय २८४८ पिक्सेल. यातल्या ८१ फोटोंवर तर कुठे काय बिघाड आहे ते पिक्सेल-पिक्सेलने रंगवून दिलंय, आणि हीच याची खरी श्रीमंती आहे. त्याच टीमचा आरएफएमआयडी म्हणून २०२१ चा डेटासेट आहे, ३२०० फोटो, ४६ प्रकारचे आजार, तीन वेगवेगळे कॅमेरे, तो पुढच्या टप्प्यासाठी ठेवा. शिकवायला मोठा डेटा लागेल त्यासाठी कॅगलवर, म्हणजे एआयच्या स्पर्धा आणि डेटासेटच्या वेबसाइटवर, एप्टॉस २०१९ आहे, त्यात ट्रेनिंगचे ३६६२ फोटो आहेत आणि ते अरविंद आय हॉस्पिटलचे आहेत, आणि त्याहून मोठा हवा असेल तर २०१५ चा आयपॅक्स, ३५१२६ ट्रेनिंग फोटो.

डाउनलोड झालं की लगेच कोड लिहायला बसू नका. ते ८१ फोटो एकेक करून उघडा, शेजारी त्यांचे मास्क म्हणजे ती रंगवलेली चित्रं उघडा, आणि डोळ्यांनी बघा. अगदी बारीक लाल टिंब दिसतं ते मायक्रोअॅन्युरिझम, केशवाहिनीला आलेला फुगवटा, आजाराची पहिली खूण हीच. त्याहून मोठे, वेड्यावाकड्या कडांचे लाल डाग म्हणजे हेमरेज. पिवळट, चकचकीत, कडा स्पष्ट असलेले कण म्हणजे हार्ड एक्झुडेट, आणि कापसासारखे पांढुरके, कडा विरलेले ते सॉफ्ट एक्झुडेट. पहिल्या दिवशी यातलं निम्मं ओळखू येणार नाही, चालेल. जवळच्या एखाद्या रेटिनाच्या डॉक्टरांना तासभर मागा आणि वीस-पंचवीस फोटो त्यांच्याबरोबर बसून बघा. इंजिनिअरिंगची बरीच पोरं हा तास वाचवतात आणि मग व्हायवाला "मॉडेलने हा फोटो ग्रेड तीन का म्हटला" असं विचारलं की गप्प बसतात.

ग्रेडचा मामला

ग्रेड शून्य ते चार असतात. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे फक्त मायक्रोअॅन्युरिझम, चार म्हणजे नवीन नाजूक रक्तवाहिन्या उगवायला लागल्या किंवा त्यातून रक्तस्राव झाला. दोन आणि तीनमधला फरक ४-२-१ नियमाने ठरतो, पुढचं काही एक जरी दिसलं तरी तीन: पडद्याच्या चारही भागांत प्रत्येकी २० पेक्षा जास्त हेमरेज, किंवा दोन भागांत शिरांना मण्यांसारखा आकार, किंवा एका भागात आयआरएमए म्हणजे पडद्याच्या आतल्या आतच वेड्यावाकड्या झालेल्या बारीक वाहिन्या. आता तुम्हीच बघा, ही सीमारेषा अशी आहे की दोन चांगले डॉक्टर एकाच फोटोला दोन वेगळ्या ग्रेड देऊ शकतात. गूगलच्या टीमने २०१६ मधे जामा या मेडिकल जर्नलमधे जो गाजलेला पेपर छापला त्यात म्हणूनच ट्रेनिंगचे १२८१७५ फोटो ५४ डॉक्टरांच्या पॅनेलने प्रत्येकी ३ ते ७ वेळा ग्रेड केले होते. तुमच्या लेबलवर एकाच माणसाची सही असेल तर रिपोर्टमधे तसं स्पष्ट लिहा, आणि जमलं तर निदान शंभर फोटो दुसऱ्या डॉक्टरकडून ग्रेड करून घेऊन दोघांचा कप्पा (kappa, दोघांचं मत किती जुळतं याचा आकडा) काढा. माणसामाणसांतच जेवढं जमत नाही तेवढं मॉडेलकडून मागण्यात अर्थ नाही.

आणि पहिलाच प्रोजेक्ट असेल तर पाच ग्रेडच्या मागे लागू नका. ग्रेड दोन आणि वर म्हणजे "डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा", खाली म्हणजे "वर्षाने पुन्हा तपासा", असा हो-नाहीचा प्रश्न घ्या, कॅम्पमधे प्रश्न हाच असतो. मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाची, सूज वेगळी मोजली जाते, आयडीआरआयडीमधे तिचीही ग्रेड दिलेली आहे, ती विसरू नका कारण रेटिनोपॅथी सौम्य असली तरी सुजेमुळे नजर जाऊ शकते.

फोटो लहान करताना

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. बहुतेक ट्युटोरियलमधे फोटो सरळ २२४ बाय २२४ करतात. ४२८८ चे २२४ म्हणजे १९ पट लहान. मूळ फोटोत मायक्रोअॅन्युरिझमचा ठिपका १५-२० पिक्सेलचा असेल तर आता तो जेमतेम एक पिक्सेल उरला, म्हणजे ग्रेड एकची खूण तुम्हीच पुसून टाकली आणि वर मॉडेलला म्हणताय की ओळख. ५१२ ला दोन पिक्सेल उरतात, १०२४ ला चार-पाच. गूगल कोलॅबच्या फुकटच्या जीपीयूवर ५१२ आरामात चालतं, बॅच लहान ठेवून त्याच्यावरही जाता येतं. लहान करायच्या आधी बाजूचा काळा भाग कापून टाका म्हणजे पडद्याला जास्त पिक्सेल मिळतात. प्रकाश एकसारखा करायला ग्रीन चॅनेलवर क्लाहे (भागाभागाने कॉन्ट्रास्ट वाढवायची पद्धत) लावा, किंवा प्रत्येक जागेचा आसपासचा सरासरी रंग वजा करायची पद्धत आहे, कॅगलची २०१५ ची स्पर्धा जिंकणाऱ्या बेन ग्रॅहमने ती वापरली होती, दोन्ही करून बघा आणि निकाल डोळ्यांनी तपासा, कधीकधी क्लाहे जास्त झालं की साध्या निरोगी पडद्यावरही डाग उठल्यासारखे दिसतात.

मॉडेल एफिशियंटनेट बी३ किंवा रेसनेट ५०, इमेजनेटवर म्हणजे रोजच्या वस्तूंच्या फोटोंवर आधीच शिकलेलं, पायटॉर्चच्या टिम लायब्ररीतून घ्या आणि पुढे चला. हे बसलं की मग रेटफाउंड बघा, लंडनच्या मूरफील्ड्स हॉस्पिटल आणि युसीएलच्या टीमने २०२३ मधे नेचरमधे छापलेलं, १६ लाख पडद्याचे फोटो आणि ओसीटी स्कॅनवर (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) लेबलशिवाय शिकवलेलं आहे, वेट्स उपलब्ध आहेत, कमी डेटा असताना उपयोगी पडतं.

स्प्लिट

स्प्लिट म्हणजे ट्रेनिंगचे आणि टेस्टचे फोटो वेगळे करणं, ते पेशंटनुसार करा, फोटोनुसार नाही. एकाच माणसाचा उजवा डोळा ट्रेनिंगमधे आणि डावा टेस्टमधे गेला की गाईडमधला प्रश्न जसाच्या तसा पेपरात आल्यासारखं होतं, मार्क दिसतात पण शिकलेलं काही नसतं. आयपॅक्सच्या फाइलच्या नावात पेशंटचा नंबर आणि डावा-उजवा असं दिलेलं असतं, त्या नंबरवरून गट पाडा. एप्टॉसमधे पेशंटचा नंबर नाही, शिवाय त्यात तोच फोटो दोनदा असल्याची उदाहरणं आहेत आणि काही जोड्यांना ग्रेडही वेगवेगळ्या आहेत, म्हणून आधी इमेज हॅश (फोटोवरून काढलेला ओळखीचा कोड) काढून जोड्या शोधा आणि मगच स्प्लिट करा.

दुसरी गोष्ट, आजारी फोटो सगळे हॉस्पिटलच्या कॅमेऱ्याचे आणि निरोगी सगळे कॅम्पच्या कॅमेऱ्याचे असं झालं तर मॉडेल आजार शिकणारच नाही, कॅमेरा शिकेल. मॉडेलला आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात हे लक्षात असू द्या, २०१८ मधे गूगलच्या संशोधकांनी दाखवलं की नुसत्या फंडस फोटोवरून, म्हणजे पडद्याच्या फोटोवरून, पेशंट बाई आहे की पुरुष हे ०.९७ एयूसीने (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसता अंदाज) सांगता येतं, जे कुठल्याही डॉक्टरला बघून सांगता येत नाही. म्हणून ग्रॅड-कॅम, म्हणजे मॉडेलने फोटोत कुठे बघितलं ते दाखवणारं चित्र, काढाच, आणि नुसती लाल-निळी चित्रं रिपोर्टमधे चिकटवू नका, आयडीआरआयडीच्या मास्कवर ठेवून बघा की मॉडेल बघतंय ती जागा खरंच डागांची आहे की फोटोच्या कडेची.

आकडे खरे द्या

अॅक्युरसी एकटी देऊ नका. एप्टॉसमधे ३६६२ पैकी १८०५ फोटो शून्य ग्रेडचे आहेत, आयपॅक्समधे तर जवळपास ७३ टक्के, म्हणजे डोळे मिटून "काही नाही" म्हणणाऱ्या मॉडेललाही ७३ टक्के मिळतील. सेन्सिटिव्हिटी (आजारी असलेल्यांतले किती पकडले), स्पेसिफिसिटी (ठीक असलेल्यांतल्या कितींना ठीक म्हटलं), एयूसी द्या, पाच ग्रेड असतील तर क्वाड्रॅटिक वेटेड कप्पा (चूक जितक्या ग्रेडने मोठी तितका जास्त दंड) द्या, आणि सगळ्यांबरोबर कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ती मर्यादा. आयडीआरआयडीच्या १०३ टेस्ट फोटोंत ग्रेड एकचे फक्त ५ आहेत, एक फोटो इकडचा तिकडे झाला की त्या वर्गाचा आकडा २० टक्क्यांनी हलतो, त्यावरून "आमचं मॉडेल अमक्यापेक्षा सरस" म्हणता येत नाही.

खरी परीक्षा म्हणजे एप्टॉसवर शिकवून आयडीआरआयडीवर टेस्ट, एकाही फोटोवर ट्यूनिंग न करता. आकडा पडेल, बऱ्यापैकी पडेल. तोच आकडा सगळ्यात वर छापा, कारण उद्या दुसऱ्या तालुक्यातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर तसंच होणार आहे.

एक हिशोब सगळ्यांनी एकदा कागदावर करावा. समजा कॅम्पला १००० शुगरचे पेशंट आले, त्यातल्या ८० जणांना खरंच पाठवायची गरज आहे, आणि तुमचं मॉडेल सेन्सिटिव्हिटी ९०, स्पेसिफिसिटी ९० वालं. ७२ सापडतील, ८ सुटतील, आणि ९२० ठीक असलेल्यांतले ९२ जण उगाच पाठवले जातील. म्हणजे पाठवलेल्या १६४ मधे निम्म्याहून कमी खरे. हेच मॉडेल आयडीआरआयडीवर चालवलं तर पाठवलेल्यांत ९० टक्क्यांच्या वर खरे निघतील, कारण तिथे ५१६ पैकी ३२३ फोटो ग्रेड दोन किंवा वरचे आहेत. मॉडेल तेच, आलेली माणसं वेगळी.

स्वतःच्या हॉस्पिटलचे फोटो वापरायचे असतील तर

आधी एथिक्स कमिटी, जुने फोटो असले तरी. आयसीएमआरने २०२३ मधे आरोग्यातल्या एआयसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, ती वाचून प्रोटोकॉल लिहा. नाव काढलं म्हणजे झालं असं नाही, पुष्कळ मशीन फोटोच्या कोपऱ्यातच नाव, वय आणि एमआरडी नंबर (हॉस्पिटलचा केसपेपर नंबर) छापतात, फाइलच्या नावात असतं, डायकॉम या मेडिकल फाइल फॉरमॅटच्या टॅगमधे असतं, तिन्हीकडून काढा. फोटो व्हॉट्सअॅपवर मागवू नका, खासगीपणाचा प्रश्न आहेच, शिवाय कॉम्प्रेशनमधे बारीक टिंबं जातात.

ओसीटीवर काम करायचं असेल तर डीपमाइंड आणि मूरफील्ड्सचा २०१८ चा पेपर वाचा, त्यात एक नेटवर्क थर वेगळे करतं आणि दुसरं निदान करतं, मशीन बदललं तर पहिलंच पुन्हा शिकवायचं. काचबिंदूकडे मात्र सुरुवातीला जाऊ नका, एका फोटोतल्या कप-डिस्कवरून (डोळ्याच्या नसेच्या टोकाचा खळगा आणि त्याभोवतीची चकती) तो ठरत नाही, डोळ्याचं प्रेशर आणि फील्ड टेस्ट म्हणजे नजरेच्या पसाऱ्याची तपासणीही लागते.

कॅम्पमधे नेताना

अमेरिकेत एफडीएने एप्रिल २०१८ मधे आयडीएक्स-डीआरला परवानगी दिली, डॉक्टरने फोटो न बघता निकाल देणारं हे पहिलं एआय. त्याच्या चाचणीत सेन्सिटिव्हिटी ८७.२ आणि स्पेसिफिसिटी ९०.७ होती. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांमधे स्मार्टफोनवरच्या फंडस कॅमेऱ्याने फोटो काढून इंटरनेटशिवाय फोनमधेच निकाल द्यायचा प्रयोग झाला, तो २०१९ मधे जामा ऑप्थॅल्मॉलॉजीत आलाय. पण थायलंडचा अनुभवही वाचा, तिथल्या ११ केंद्रांवर नर्सनी काढलेल्या फोटोंपैकी जवळपास पाचातला एक सिस्टिमने "क्वालिटी नाही" म्हणून परत केला, खोल्यांमधे पुरेसा अंधार नव्हता, नेट हळू होतं, आणि नाकारलेल्या फोटोमुळे पेशंटला लांबच्या हॉस्पिटलची खेप पडत होती. आपल्याकडे साठीच्या पुढच्या शुगरच्या पेशंटला मोतीबिंदू असतो, बाहुली लहान असते, फोटो धूसर येणारच. त्यामुळे खोलीला पडदे लावा, दोन मिनिटं अंधारात बसवून मग फोटो काढा, तरी नाही आला तर डॉक्टरच्या सांगण्यावरून ड्रॉप्स टाकून पुन्हा. आणि मॉडेलमधे "फोटो वाचता येत नाही" हा तिसरा निकाल ठेवा, असा पेशंट नॉर्मलमधे कधीच जाता कामा नये, त्याला पाठवायचंच.

पेशंटच्या हातात मराठीत छापलेली चिठ्ठी द्या, तीत कुठल्या डोळ्यात काय, किती दिवसांत, कुठल्या हॉस्पिटलला, कुठल्या वारी ओपीडी असते आणि फोन कोणाला करायचा हे लिहा, आणि ठळक अक्षरात लिहा की ही तपासणी फक्त शुगरमुळे होणाऱ्या पडद्याच्या आजाराची आहे, काचबिंदूची नाही. पाठवलेल्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर रजिस्टरमधे लिहून घ्या आणि महिन्याभरात फोन करून विचारा, दाखवून आलात का. कोण गेलं, कोण गेलं नाही आणि डॉक्टरांनी काय सांगितलं हे तीन कॉलम तुमच्या एक्सेलमधे पहिल्या दिवसापासून असू द्या.