रुळांवर नाणं टाकून बघा

मॉडेल रेल्वेच्या मोठ्या मांडणीत गाडी एका टोकाला छान पळते आणि लांबच्या वळणावर रेंगाळते. आपण लगेच इंजिनाला दोष देतो. बहुतेक वेळा दोष सांध्यांचा असतो. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या जोडपट्ट्या नव्या असताना वीज नीट वाहतात, पण वर्षभरात सैल होतात, आत काळपट थर धरतो. त्यांच्यावर विसंबू नका.

फळीखालून 2.5 चौरस मिलिमीटरच्या दोन जाड तारा शेवटपर्यंत न्या. एक लाल, एक काळी. मग रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, अगदी वीतभर असला तरी, बारीक तार डाख देऊन या मुख्य तारांना जोडा. डाख रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्या. आतून दिलात तर चाकाची कड अडखळेल. काम कंटाळवाणं आहे, कंबर मोडते, पण एकदाच करायचं आहे.

आता परीक्षा. डीसीसी प्रणाली (रुळांतूनच इंजिनांना डिजिटल आज्ञा देणारी) असेल तर दोन रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. एचओ या मॉडेल रेल्वेच्या प्रचलित मापात रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, त्यामुळे नाणं आरामात पुरतं. बूस्टरने, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या पेटीने, त्याच क्षणी वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर नाणं लगेच उचला, ते तापतं. तिथे तारा कमी पडताहेत. दर दोन-तीन फुटांवर हेच करत जा. प्रदर्शनाच्या जागी फळ्या जोडून झाल्या, की पुन्हा एकदा. टेम्पोतल्या धक्क्यांनी कुठला डाख सुटेल, नेम नाही.